फर्मा उलटा लागलाय

पहिला मांगा घरी आणला त्या संध्याकाळी बाबांनी तो हातात घेतला, पुढून उघडला, मागून उघडला, नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला आणि निकाल दिला, "फर्मा उलटा लागलाय. उद्या जाऊन बदलून आण."

छापील वस्तूबद्दल बाबांनी दिलेला निकाल आमच्या घरात अपिलात जात नाही. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं प्रुफं तपासली. लागले तेव्हा कंपोझिटर खिळे जुळवत होते, निवृत्त झाले तेव्हा पोरं कॉम्प्युटरवर डीटीपी करत होती; चुका मात्र त्याच राहिल्या, असं ते म्हणतात. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांच्या आधी 'आशीर्वाद'मधला 'शी' बघतात. चाळीच्या गेटवरच्या फ्लेक्सवर एकदा 'हार्दीक शुभेच्छा' छापून आलं, तेव्हा रात्री साडेदहाला स्टूल आणि रंगाची डबी घेऊन त्यांनी ती वेलांटी फिरवली होती. स्टूल धरायला मी होते.

"बाबा, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती उजवीकडून डावीकडे वाचतात," मी म्हटलं.

"हे इंग्रजीत आहे."

"हो, पण चित्रं जपानी क्रमाने लावलीत."

"म्हणजे अक्षरं डावीकडून आणि चौकटी उजवीकडून?"

"हो."

"मग वाचणाऱ्याने बघायचं कुठे?"

मी त्यांना शेवटचं पान दाखवलं. इंग्रजी मांगात पुष्कळदा तिथे सूचनाच छापलेली असते, की थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात करताय. बाबांनी ती चष्मा वर करून वाचली. "शुद्धिपत्र दिलंय, म्हणजे चूक त्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले आणि सवयीने कोपऱ्यात लाल पेनाने तारीख घालून सही केली. माझ्या संग्रहातला तो एकमेव मांगा, जो छपाईला मंजूर झालेला आहे.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, एक पोटमाळा आणि गॅलरीतला सहा फुटांचा तुकडा, जो कागदोपत्री सगळ्यांचा आणि व्यवहारात आमच्या तुळशीचा. माणसं पाच. पोटमाळ्यावर माझे अविवाहित काका, खाली आजी, बाबा, आई आणि मी. उरलेल्या जागेत पुस्तकं. पलंगाखाली दिवाळी अंक, कपाटावर शब्दकोश, आणि तांदळाच्या डब्यामागे माझे मांगा, कारण त्या कोपऱ्यात बाबांचं राज्य संपतं आणि आईचं अजून नीट सुरू झालेलं नाही. अशा घरात पुस्तकातला किडा असणं हा काही गुण धरला जात नाही. तो घराण्याचा आजार आहे. माझ्यात वेगळं इतकंच, की माझ्या पुस्तकांतले लोक हलतात आणि जपानीत बोलतात.

त्या हलण्याला काय म्हणायचं, यावरून आमच्याकडे आठवडाभर जेवण थंड झालं. मी 'ॲनिमे' म्हणते. बाबांचं म्हणणं, 'ॲ' आपण इंग्रजी शब्दांसाठी केला, शब्द जपानी असेल तर जपानी उच्चाराप्रमाणे 'आनिमे' लिही. मी सांगितलं, की मुळात शब्द इंग्रजी 'ॲनिमेशन'च आहे, जपान्यांनी तो अर्धा तोडून वापरला. "म्हणजे इंग्रजी शब्दाचं मुंडकं जपानमार्गे गिरगावात आलं," बाबा म्हणाले, "आणि त्याला चंद्रकोर कुठून लावायची हे मी ठरवायचं." अजून ठरलेलं नाही. हा लेख त्यांच्या हातात पडला की प्रत्येक 'ॲनिमे'खाली लाल रेघ येणार, हे मी धरून चाललेय.

पण याच वादात त्यांना एक घबाड मिळालं. मी कुठेतरी वाचलेलं त्यांना सहज सांगितलं, की जपानी मुळाक्षरांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ असा आहे आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा जातो. बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे पोचलेल्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून तो बसला. बाबा ताटावरून उठले. डाव्या हाताने पाटीवर आपली वर्णमाला लिहिली, शेजारी त्यांची लिहिली, आणि उष्टा उजवा हात तसाच हवेत धरून बराच वेळ बघत राहिले. "आपलीच आहे," ते शेवटी म्हणाले. "फक्त मधली अक्षरं गाळलीत. प्रूफ कुणी वाचलं नाही."

तेव्हापासून जपानकडे ते ओळखीच्या छापखान्याकडे बघावं तसं बघतात.

आईचं प्रकरण निराळं. संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्ही तिचा. तिच्या मालिकेत एक लग्न सहा आठवडे लागतं. मंगळसूत्र हातात घेतलेला नवरा एका शुक्रवारी थिजतो तो सोमवारीच हलतो. आणि तीच मला म्हणते, "तुझ्या त्या मारामारीला किती भाग गं?" मी तिला 'ड्रॅगन बॉल झेड'बद्दल सांगितलं, की त्यात एक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं खलनायक जाहीर करतो आणि ती पाच मिनिटं पुढे भागामागून भाग चालतात. आईने लसूण सोलायची थांबून आदराने विचारलं, "मध्ये जाहिराती पण?"

साडेनऊनंतर टीव्ही माझा. म्हणजे तसा करार आहे. प्रत्यक्षात आजी असते.

आजी चौऱ्याऐंशीची आहे. साहित्य संघात तिने इतकी नाटकं बघितलीत, की टीव्हीवर काहीही लागलं तरी आधी "नेपथ्य बरंय" म्हणते आणि मध्यंतर झाल्याशिवाय दुसरा अंक बघत नाही. मराठी ती जाहिरातीच्या तळटिपेपर्यंत वाचते, इंग्रजीशी मात्र तिचा संबंध बसच्या नंबरपुरताच. एका रात्री माझ्याशेजारी येऊन बसली, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "खाली काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. मराठीत."

झालं. त्या रात्रीपासून मी ॲनिमे बघितलेला नाही, सांगितलेला आहे.

मागाहून कळलं, की या कामाला जपानीत नाव आहे. तिथे मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे, सगळ्या पात्रांचे आवाज काढणारे लोक असत, त्यांना बेन्शी म्हणत. प्रेक्षक नटापेक्षा बेन्शीच्या नावावर तिकीट काढत. अकिरा कुरोसावांचा थोरला भाऊ बेन्शी होता. बोलपट आले आणि ही सगळी मंडळी घरी बसली. आपल्याकडेही मूकपटाच्या पाट्या वाचून दाखवणारे असत. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला इथे गिरगावातच, कोरोनेशनमध्ये लागला. न वाचता येणाऱ्या बायकामुलांना त्याच्या पाट्या कुणीतरी सांगितल्याच असतील. तेव्हा मी करते ते काम या वॉर्डात शंभर वर्षांनी पुन्हा सुरू झालंय, असं मी स्वतःला समजावते. मानधन नाही. उलट मध्यंतराचा चहा मलाच करावा लागतो.

या कामातली खरी गंमत अशी, की इंग्रजी सबटायटल्समध्ये अर्धा माल वाटेतच सांडलेला असतो, आणि तो आजीसमोर आपोआप परत भरतो. जपानी माणूस नुसतं नाव घेत नाही. मागे 'सान' लावतो, 'सामा' लावतो, लाडाने 'चान' म्हणतो. इंग्रजीवाले ते सगळं उडवून 'तानाका' एवढंच ठेवतात. आजीला ते चालत नाही. "तानाका काय? वयाने मोठा दिसतोय तो. तानाकाराव म्हण." मग तानाकाराव, सुझुकीबाई, मास्तर. रस्त्यातल्या अनोळखी बाईला ते सरळ 'ओबासान' म्हणतात. इंग्रजीत तिची 'मॅडम' होते, आमच्याकडे ती मावशी. थोरल्या भावाला बहीण नावाने हाक मारत नाही, 'ओनीचान' म्हणते. इंग्रजीत तिथे त्याचं नाव येतं. मी "दादा" म्हटलं तेव्हा आजी म्हणाली, "मग! आपल्यातलेच दिसतात."

आणि घराबाहेर पडताना जपानी पोरं दारातून ओरडतात, 'इत्तेकिमास'. इंग्रजीत खाली लिहून येतं, की मी निघालो. शब्दाचा अर्थ तो नाही. शब्दाचा अर्थ 'जाऊन येतो'. मी पहिल्यांदा चुकून इंग्रजीवरून "मी जाते" असं सांगून टाकलं, तर आजीने पाठीत हलकी चापट मारली. "जाते म्हणू नये. एवढीशी पोर, तिची आई ऐकून कशी घेते?" मी मागे जाऊन नीट ऐकलं. पोर 'येते' असंच म्हणत होती. लाखो प्रेक्षकांचं इंग्रजी सबटायटल आजीने एक अक्षर न वाचता दुरुस्त केलं होतं. बाबांनी पलीकडच्या खोलीतून फक्त "दाखल करून घे" एवढंच म्हटलं.

काकांना यातलं काही नको असतं. त्यांना खून लागतो. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराच्या वर रहस्यकथांपैकी मिळतील तेवढ्या त्यांनी रद्दीवाल्यांकडून जमवल्यात; पोटमाळ्यावर झुंजार आणि काळापहाड या अर्नाळकरी नायकांमध्ये जी फट उरते, तिच्यात ते झोपतात. लहानपणी शाळेत पुस्तकाआड अर्नाळकर धरून वाचल्याबद्दल त्यांनी छड्या खाल्ल्यात, त्यामुळे घरात माझी बाजू घेणारे तेवढेच. त्यांना मी 'डिटेक्टिव्ह कोनान' लावून दिला. सतरा वर्षांच्या गुप्तहेराला विष देतात, तो मरायच्या ऐवजी पहिलीतल्या पोराएवढा होतो आणि खोटं नाव घेऊन तपास चालू ठेवतो. १९९४पासून हे मांगात चाललंय आणि पोर अजून पहिलीतच आहे. नाव घेतो ते एदोगावा कोनान. कोनान डॉयलसाहेबांकडून, आणि एदोगावा हे एदोगावा राम्पो या जपानी रहस्यकथाकाराकडून. मी काकांना सांगितलं, की राम्पो हेही टोपणनाव, एडगर ॲलन पो हे नाव जपानी तोंडात घोळवून केलेलं. काका शिडीच्या मधल्या पायरीवर बसले आणि "एडगर ॲलन पो, एडगर ॲलन पो, एदोगाआलनपो" असं म्हणत राहिले. पाचव्या खेपेला साधलं. "अर्नाळकरांचंही खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण," ते म्हणाले. "मोठ्या माणसांना एका नावात भागत नाही." आणि खुनी कोण ते मध्यंतराआधी सांगून मोकळे झाले. त्यांचा खुनी नेहमी चुकतो, पण ज्या आत्मविश्वासाने चुकतो त्याला तोड नाही.

एकदा मात्र माझ्याकडून आगळीक झाली. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावला. लढाईतल्या बाँबहल्ल्यात आई गेलेला भाऊ, त्याची चिमुकली बहीण, आणि गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. अर्ध्यावर मला सांगता येईना आणि आजीनेही "पुढे काय म्हणाली" असं विचारलं नाही. मध्यंतर झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापाशी एक जुना पत्र्याचा डबा दिसला, आत मूठभर रावळगावच्या गोळ्या. कशाला, ते कुणी विचारलं नाही. आठवड्याने त्यातल्या दोन काकांनी खाल्ल्या, तेव्हा आजी त्यांना जे बोलली ते मी कुठल्याच भाषेत सांगणार नाही.

मग मी 'स्पिरिटेड अवे' काढला. मियाझाकींचा, २००१चा, ऑस्कर मिळालेला. आजीला ऑस्करचं काही नाही, पण सुरुवातीलाच ती सरसावून बसली. आईबाप आणि मुलगी एका ओसाड बाजारात शिरतात, दुकानात कुणी नाही, ताटं भरलेली. आईबाप न विचारता बकाबका खायला बसतात आणि बघता बघता डुकरं होतात. हे का होतं, यावर जगभर पुष्कळ काही लिहिलं गेलंय. आजीला वेळ लागला नाही. "नैवेद्य दाखवायच्या आधी तोंड लावलं." ते जेवण देवाभूतांसाठीच रांधलेलं असतं, हे पुढे चित्रपटातच येतं, मी तिला आधी सांगितलेलं नव्हतं.

पाण्यातून धावणारी आगगाडी आली तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले. चित्रपटातला सगळ्यात शांत, सगळ्यात सुंदर तुकडा, मी मुद्दाम गप्प बसलेले. बाबांनी नीट निरखलं आणि म्हणाले, "सायन-कुर्ल्याच्या मध्ये पाणी भरलं की अश्शीच दिसते. पण आपली बंद पाडतात."

मुलीला मदत करणारा मुलगा म्हणजे खरी एक नदी असते. ती बुजवून वर इमारती बांधल्या, आणि तो आपलं नाव विसरला. मी हे सांगितलं, तर आजी म्हणाली, "धोबीतलावासारखं."

"धोबीतलावाचं नाव राहिलंय, आजी. तलाव गेला."

"तेच म्हणतेय. आपण तलाव बुजवले नि नावं ठेवली. गवालिया टँक घे, सी. पी. टँक घे. तहान लागली तर नाव प्या." आमच्याही चाळीच्या पुनर्विकासाच्या सभा सुरू झाल्यात, टॉवरचं नाव काय ठेवायचं यावर तिसरी सभा मोडली, त्यामुळे आजीला हा विषय ताजा होता.

पण ती खरी अडकली होती दुसरीकडेच, याच्या बऱ्याच आधी. मुलीला कामावर ठेवताना म्हातारी मालकीण करारावर सही घेते. मुलगी लिहिते, चिहिरो. मालकीण कागदावरून हात फिरवते, तर अक्षरं उठतात आणि तिच्या मुठीत जाऊन बसतात. मागे एकच चिन्ह उरतं, त्याचा उच्चार 'सेन'. आजपासून तू सेन.

"थांबव," आजी म्हणाली.

मी थांबवलं. मला वाटलं, चहा हवाय.

"माझं ताटात तांदूळ पसरून लिहिलं होतं," ती म्हणाली. "ह्यांनी, अंगठीने. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा माझं एक नाव होतं. चौथ्या दिवशी दुसरं. जुनं पुसावंसुद्धा लागलं नाही, ते कुठे लिहिलेलंच नव्हतं."

"काय होतं?" मी विचारलं.

तिने सांगितलं. घरात कुणीच ते कधी ऐकलेलं नव्हतं. बाबांनीही. आपल्या आईचं माहेरचं आडनाव, गाव, गावातल्या विहिरीची खोली हे सगळं त्यांना पाठ, हे नाही. ते नाव मी इथे लिहीत नाहीये, कारण छापायला दे असं ती म्हणालेली नाही. एवढंच सांगते, की तीन अक्षरी आहे आणि तिला फार शोभतं.

"लाव पुढे," ती म्हणाली. "त्या पोरीला परत मिळतं ना?"

मिळतं, मी सांगितलं. बेन्शीने शेवट आधी फोडू नये. मी फोडला.

आता वहीबद्दल. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने वाढदिवसाला मला 'डेथ नोट' या मांगातल्या वहीसारखी वही दिली होती. काळं पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर पांढरी खरबरीत अक्षरं. गोष्टीतला नियम असा, की चेहरा डोळ्यांसमोर आणून या वहीत ज्याचं नाव लिहाल तो चाळीस सेकंदांत मरतो. मी ती जपून कपाटावर ठेवली. आईला ती सापडली. चांगली जाड, आखीव, कोरी वही वाया चाललेली बघून तिने पहिल्या पानावर आमच्या दूधवाल्याचं नाव लिहिलं, खाली 'गाय, १ लि.' असं लिहिलं आणि हिशेब सुरू केला.

दुसऱ्या दिवशी दूधवाला आला नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. माझा काही या गोष्टींवर विश्वास नाही, पण मी ऑफिसातून दोनदा फोन करून दूध आलं का विचारलं. चौथ्या दिवशी तो गावच्या लग्नाची बुंदी घेऊन आला. मी बुंदी घेतली आणि त्याला नको इतका वेळ हसून दाखवलं.

ही हकिगत काकांनी ऐकली आणि त्यांच्यातला काळापहाड जागा झाला. बाबा चाळीच्या गणपतीचे खजिनदार. केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३पासूनचा. आमचा पुष्कळ नंतरचा, पण वर्गणीची थकबाकी तितकीच जुनी वाटते. काकांनी बाबांना ती वही दिली आणि थकबाकीदारांची यादी तिच्यात करायला लावली. मग गॅलरीत उभं राहून, कुणाला उद्देशून नव्हे असं, वहीचा नियम सांगितला. चेहरा डोळ्यांसमोर आणावा लागतो, हेही सांगितलं. चाळीत त्याची अडचण नसतेच, चेहरे दिवसभर समोर लोंबकळलेले असतात. चार दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांखेरीज सगळ्यांची वर्गणी जमा झाली. ते काका आले, वहीत आपलं नाव बघितलं, म्हणाले, "आडनावातला 'ळ' चुकलाय, मला काही होत नाही," आणि वर निघून गेले. बाबा तीन दिवस आजारी असल्यासारखे होते. छत्तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती.

मागच्या रविवारी दुपारी आजीने ती वही मागून घेतली. पुढची पानं दुधाने आणि वर्गणीने भरलेली होती, म्हणून तिने ती उलटी करून मागच्या बाजूने उघडली. तिच्या मते मागची. माझ्या मांगांच्या हिशेबाने तेच पहिलं पान. माझं पेन घेतलं आणि हात टेकवून, एकेका अक्षराला वेळ देत, ते तीन अक्षरी नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसली. मग वही बाबांच्या पुढ्यात ठेवून आडवी झाली.

बाबांनी सवयीने खिशातून लाल पेन काढलं, टोपण उघडलं. मी मागून बघितलं. शेवटच्या अक्षराला दुसरी वेलांटी हवी होती, आजीने पहिली दिली होती.

बाबांनी टोपण लावलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि वही आईकडे सरकवली. तिचा शनिवारच्या दुधाचा हिशेब लिहायचा राहिला होता.